भोंग्याचं नाव भोंगाच

सुनीती गमरे आमच्या कंपनीत लागली १९८५च्या जूनमध्ये, आणि आठवडाभरातच तिनं मुख्य इंजिनिअरला उलट उत्तर दिलं. मी शेजारच्या टेबलावर बोर्डांना सोल्डरिंग करत होतो. तिचं बोलणं ऐकून माझा हात हलला आणि तापलेल्या शिशाचा थेंब थेट पॅन्टवर पडला.

कंपनी म्हणजे महाप्याच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या केमिकल कारखान्यांना लागणाऱ्या कंट्रोलच्या पेट्या आम्ही बनवायचो. कारखान्यात वाफेवर तापणारं मोठं लोखंडी भांडं असतं, त्याला तिथले कामगार केटल म्हणतात. केटल किती तापली हे आमची पेटी बघायची, आणि मर्यादेच्या वर गेली की भोंगा वाजवायची. भोंगा ऐकून ऑपरेटरनं धावत जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा. एवढंच काम, पण ते चुकून चालायचं नाही.

मुख्य इंजिनिअर होते नंदकिशोर सबनीस. हुशार माणूस, मनानं वाईट नव्हते, पण सदा घाईत. दोन्ही खिशांत पेनं, आणि ऐन वेळेला एकही चालायचं नाही. त्या दिवशी ते सुनीतीच्या पाठीमागे उभं राहून स्क्रीन वाचत होते.

"गमरे, हे काय लिहिलंयस? भोंगा?"

"भोंगा वाजवायचा तुकडा आहे, सर."

"ते कळलं. पण नावं इंग्रजीत द्यायची असतात."

"अक्षरं इंग्रजीच आहेत, सर. बी, एच, ओ, एन, जी, ए."

शेडमध्ये हशा पिकला. सबनीसही हसले. "आणि वर हे चूप?"

"ऑपरेटरनं बटण दाबलं की भोंगा बंद करायचा, त्याचा तुकडा."

"उद्या गिऱ्हाइकाला काय दाखवू मी? चूप?"

"गिऱ्हाइकाला भोंगा ऐकू येतो, सर. त्याचं नाव कुठे दिसतं?"

माझ्या पॅन्टवर थेंब पडला तो तेव्हा. बावीस वर्षांची डिप्लोमावाली पोरगी, पहिली नोकरी, आणि साहेबाशी असं! पण सबनीस 'बरं बरं' म्हणत फोन घ्यायला गेले, आणि भोंगा राहिला.

मला प्रोग्राम कळत नसत. ती डबा खाताना जे सांगायची ते मला समजलं तसं सांगतो. आमच्या पेटीचा प्रोग्राम असेंब्ली नावाच्या भाषेत लिहिलेला असे, आणि तो एकाच माणसाच्या हातचा नसे. तापमान वाचायचा तुकडा एकाचा, आकडे दाखवायचा दुसऱ्याचा, मुख्य तुकडा सबनीसांचा, भोंग्याचा सुनीतीचा. प्रत्येकाची फाइल वेगळी. आता सबनीसांच्या तुकड्याला भोंगा वाजवायचा असेल, तर तो त्यांच्या फाइलीत नाहीच. मग ते आपल्या फाइलीच्या डोक्यावर लिहायचे, 'एक्सटर्न भोंगा'. म्हणजे, हे नाव माझ्याकडचं नव्हे, बाहेरचं आहे, कुठे आहे ते मला ठाऊक नाही, जागा कोरी सोडा. आणि सुनीती आपल्या फाइलीत लिहायची, 'पब्लिक भोंगा'. म्हणजे, भोंगा माझ्याकडे आहे, कुणीही हाक मारा. शेवटी लिंकर नावाचा एक प्रोग्राम सगळे तुकडे जोडायचा आणि कोऱ्या जागांत खरे पत्ते भरायचा. त्याला अर्थबिर्थ कळत नसे. तो नुसती अक्षरं जुळवायचा, आणि तीही पहिली सहाच. सातव्या अक्षरापासून पुढे तो बघायचाच नाही.

"म्हणून माझी सगळी नावं सहाच्या आत," ती म्हणायची. "भोंगा बरोबर सहा. चूप चार."

"पण मराठीच का?" मी एकदा विचारलं.

"माझ्या बापाला विचार," ती म्हणाली.

तिचे वडील मारोती गमरे मूळचे मंडणगडकडचे. पंच्याहत्तर साली ते रबाळ्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात लागले, आणि पुढे वाशीत सिडकोच्या एका खोलीच्या घरात कुटुंब आणलं. शिक्षण सातवी. कारखान्यातल्या पॅनेलवर सगळ्या पाट्या इंग्रजी, आणि पॅनेलपुढच्या निम्म्या माणसांना इंग्रजी अक्षर वाचता येत नसे. एकदा एकानं पाण्याऐवजी वाफेची चावी फिरवली. थोडक्यात निभावलं, पण साहेबानं त्याला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मारोतीकाकांनी प्रत्येक चावीखाली मराठी चिठ्ठी चिकटवली. पाणी, वाफ, हवा, भोंगा. साहेबानं चिठ्ठ्या फाडायला लावल्या. काकांनी त्याच्यासमोर फाडल्या आणि पुढच्या पाळीत पुन्हा लावल्या. असं तीनदा झालं, मग त्यांना आठ दिवस घरी बसवलं.

त्या चिठ्ठ्या लिहायची सुनीती. शाळकरी होती, अक्षर वळणदार होतं. काका घरी बसले त्या आठवड्यात तिनं विचारलं, "बाबा, आता नको लिहू ना?" तर ते म्हणाले, "लिही. जास्तीच्या लिहून ठेव. फाडून फाडून किती फाडतील?"

हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला होता. मी पुन्हा 'मराठीच का' असं विचारलं नाही.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आमच्या शेडमध्ये जो नवा प्रोग्रामर येई तो आधी 'एक्सटर्न भोंगा' लिहायला शिके. मग सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर दिल्लीच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर आली. त्यांना पेट्यांबरोबर प्रोग्रामची छापील प्रतही हवी होती. आमचे मालक रावसाहेब केबिनमधून बाहेर आले, ते पेढे वाटतच. सगळ्यांना वाटून झाल्यावर सबनीस सुनीतीच्या टेबलापाशी आले.

"गमरे, दिल्लीवाले वाचणार आहेत. ती नावं तेवढी बदल. आलार्म ऑन, आलार्म ऑफ, असं काहीतरी."

"नाही बदलणार, सर."

सबनीसांना वाटलं ती चेष्टा करतेय. "अगं, दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांचं नाहीये. सहा जणांच्या फाइलीत हे नाव बाहेरून घेतलंय. सगळीकडे बदलायचं, पुन्हा जोडायचं, आणि केटल तापवून पुन्हा सगळं तपासायचं. तेवढा वेळ देताय का?"

"वेळ नाहीये. शुक्रवारी त्यांच्या तुर्भ्याच्या कारखान्यात पहिली पेटी बसवायची आहे."

"मग राहू द्या ना जे चाललंय ते. दोन वर्षांत कधी चुकलंय?"

"प्रश्न चुकण्याचा नाही. दिसण्याचा आहे. भोंगा, चूप… हसतील लोक."

"हसू देत. तुमच्या फाइलीत तुम्ही काय पायजे ते नाव ठेवा. माझ्या फाइलीत जे आहे त्याचं नाव मी ठेवलंय. बाहेरच्यानं हाक मारायची तर त्याच नावानं मारायची. नियम मी नाही केला, लिंकरचाच आहे."

सबनीसांचा चेहरा उतरला, मग तापला. "फाइल तुझी नाही, गमरे. कंपनीची आहे. तुझ्या बापाची नाही."

सुनीती उभी राहिली.

"फाइल नसेल बापाची. शब्द बापाचाच आहे. आणि तो मी पुसणार नाही. तुम्हाला पुसायचा तर तुम्ही पुसा."

त्याच दुपारी तिला दुरुस्तीच्या टेबलावर बसवलं. परत आलेल्या जुन्या पेट्या उघडायच्या, जळलेले सुटे भाग बदलायचे. तिथं स्क्रीन नव्हता. ती काहीएक न बोलता स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसली, पण रोज सकाळी सबनीसांना 'गुड मॉर्निंग सर' असं इतक्या खणखणीत आवाजात म्हणायची की ते बिचारे मान खाली घालून जायचे.

नावं सबनीसांनी स्वतः बदलली, एका संध्याकाळी, घाईघाईत. शुक्रवारी पेटी तुर्भ्याच्या कारखान्यात बसवायला मी गेलो. पॅनेलवर एक टेस्टचं बटण होतं. ते दाबलं, भोंगा दणक्यात वाजला, सबनीसांनी सही केली, आम्ही परतलो.

पुढच्या आठवड्यात केटल तापली, मर्यादेच्या वर गेली, आणि भोंगा वाजला नाही.

पाळीवर हिरामण होता, तळवलीचा आगरी माणूस. त्याच्या घरची भातजमीन कारखान्यांसाठी गेलेली, आणि तो त्याच पट्ट्यात ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर. सहज त्याची नजर काट्यावर गेली. त्यानं धावत जाऊन व्हॉल्व्ह हातानं बंद केला. तोवर झाकणाच्या कडेनं वाफ सुटली होती. कोपरापर्यंत उजवा हात भाजला. केटल फुटली नाही ती त्याच्यामुळे.

रावसाहेब तातडीनं तुर्भ्याला जाऊन आले. आल्यावर सबनीसांशी केबिनमध्ये बोलले, आणि थोड्या वेळात सगळ्या शेडला कळलं. आपली पेटी ठीक आहे, ऑपरेटरनंच भोंगा बंद करायचं बटण दाबून ठेवलं होतं, असं ठरलं होतं. ठेकेदार हिरामणला काढणार होता.

सुनीतीनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "जयप्रकाश, तळवलीला येतोस?"

आम्ही गेलो. हिरामण ओटीवर बसला होता, हाताला पट्ट्या. त्याची बायको पुतळा आत चुलीपाशी होती, ती दारात येऊन उभी राहिली.

"मी कंपनीतून आलेय," सुनीती म्हणाली. "भोंगा मी लिहिलेला. तुम्ही बटण दाबलं होतं का?"

"कोन म्हनतो दाबला?" हिरामण ताडकन म्हणाला. "भोंगा वाजलाच नाय गो बाय. वाजला असता तं बंद करू ना? मी काट्याकडं बघलं म्हनून कळलं."

पुतळा पुढे आली. "जमीन घेतली, मंग नोकरी देतो म्हनले, मंग ठेक्यावर घेतला. आता हात भाजला तं चोर बी त्योच. तुमी काय लिवून घ्यायला आलाव?"

"काही लिहून घ्यायला नाही आले, वहिनी. विचारायला आले."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, स्क्रीन मोकळा होता तेव्हा, तिनं सबनीसांची फ्लॉपी घालून सगळे तुकडे पुन्हा जोडायला लावले. लिंकरनं काम केलं आणि खाली एक ओळ दाखवली. तिनं मला हाक मारून त्या ओळीवर बोट ठेवलं. एक नाव दोन ठिकाणी सापडलं, असं त्यात लिहिलं होतं. काम थांबवणारी चूक नव्हती ती, नुसता इशारा होता. तसले निरुपद्रवी इशारे आम्हाला अधूनमधून दिसायचे, म्हणून सबनीसांनी तो सोडून दिला असणार.

"आलार्म ऑनचं स्पेलिंग सांग," ती म्हणाली.

"ए, एल, ए, आर, एम, ओ, एन."

"आणि ऑफचं?"

"ए, एल, ए, आर, एम, ओ…" एवढं म्हटलं आणि मी थांबलो.

"सहा झाली," ती म्हणाली. "लिंकरला दोन्ही एकच. त्यानं पहिला सापडला तो पत्ता दोन्हीकडे भरला. माझ्या फाइलीत बंद करायचा तुकडा वर आहे. केटल तापली की मुख्य प्रोग्राम सांगतो भोंगा वाजव, आणि हाक जाते गप्प बसवणाऱ्याकडे."

"मग टेस्टच्या बटणावर वाजला कसा?"

"ते बटण तूच जोडलंयस ना? थेट भोंग्याच्या तारेला. प्रोग्रामला त्यात कोण विचारतो?"

ती सरळ सबनीसांकडे गेली. काचेतून मला दिसत होतं, बोलणंही ऐकू येत होतं. त्यांनी ती ओळ वाचली, खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "रावसाहेबांना सांगतो."

सांगितलंही. पण रावसाहेबांनी संध्याकाळी सुनीतीला केबिनमध्ये बोलावलं, दार उघडंच होतं.

"सोमवारी तुर्भ्याला मीटिंग आहे. तिथं बटणाचंच बोलायचं ठरलंय. प्रोग्राम आपण गुपचूप दुरुस्त करून देऊ. दिल्लीची ऑर्डर जाईल नाहीतर. चाळीस माणसांचं पोट आहे हे, पोरी."

"एक्केचाळीस. हिरामण धरून."

"त्याला मी बघतो. देईन काहीतरी."

"त्यानं काही मागितलंय का? त्यानं कारखाना वाचवला आणि तुम्ही त्यालाच खोटा पाडताय."

"तू मीटिंगला येणार नाहीस," रावसाहेब म्हणाले. "विषय संपला."

सोमवारी पेटी काढून आणायला मला टेम्पोतून जायचं होतं. गेटबाहेर सुनीती उभी होती. तिनं विचारलं नाही, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसली. रस्ताभर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. पहिल्यांदाच ती मला घाबरलेली दिसली.

कारखान्याच्या मॅनेजरच्या खोलीत रावसाहेब, सबनीस, ठेकेदार असे बसले होते. हिरामणला दाराशी उभं केलं होतं. रावसाहेबांचं बटणाचं बोलणं चालू असतानाच ती आत गेली, मी दाराशी हिरामणजवळ थांबलो.

"साहेब, बटण कुणी दाबलं नव्हतं," ती मॅनेजरना म्हणाली. "आमच्या प्रोग्राममध्ये दोन नावं एक झाली होती. भोंगा वाजणं शक्यच नव्हतं."

"ही कोण?" मॅनेजरनी विचारलं.

"आमच्याकडे दुरुस्तीला असते," रावसाहेब म्हणाले. "गमरे, बाहेर जा."

"सुनीती गमरे. भोंग्याचा तुकडा मी लिहिलाय." ती जागची हलली नाही. "माझ्यावर विश्वास नसेल तर केटल तापवा. आत्ता, सगळ्यांसमोर. बटणाला कुणी हात लावायचा नाही. भोंगा वाजला तर मी हिरामणदादांच्या आणि तुमच्या सगळ्यांच्या पाया पडते."

मॅनेजर सबनीसांकडे वळले. "तुम्ही इंजिनिअर आहात. तापवायची का?"

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नको," ते म्हणाले. "वाजणार नाही. ती म्हणतेय ते खरंय. नावं मी बदलली होती."

हिरामणची नोकरी राहिली. ठेकेदाराकडची कच्चीच, पण राहिली. दिल्लीची ऑर्डर अर्धी झाली, पूर्ण गेली नाही, आणि चाळीसांतल्या कुणाचं पोट मारलं गेलं नाही. मारलं गेलं फक्त सुनीतीचं. त्याच आठवड्यात तिला काढलं. सबनीसांना कुणी काढलं नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात ते आपण होऊनच पुण्याला निघून गेले.

तिच्या शेवटच्या दिवशी ते तिला सोडायला गेटपर्यंत आले होते. मी तिची पिशवी घेऊन मागे होतो.

"मी म्हटल्याप्रमाणे तू नावं बदलली असतीस तर हे झालं नसतं," ते म्हणाले. "तू सहा अक्षरांत बसवली असतीस. तुझ्या हट्टाचाही त्याच्या हातावर एक चटका आहे, गमरे."

ती थांबली. मला वाटलं आता भांडण होणार.

"असेल, सर," ती म्हणाली. "त्याचा विचार मी रोज करते. पण पुन्हा सांगितलंत तरी मी बदलणार नाही. आणि दोष हिरामणवर घालायचं तर मी ठरवलं नव्हतं."

"नाही," सबनीस म्हणाले. "ते तू नव्हतं ठरवलंस." त्यांनी हात पुढे केला. तिनं मिळवला.

त्यानंतर वर्षभर तिला कुणी घेईना. महाप्यापासून तुर्भ्यापर्यंत बातमी पोचली होती, बाई गिऱ्हाइकासमोर मालकाच्या विरुद्ध बोलते. एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला त्यांनी तोंडावर विचारलं, "पुन्हा अशी वेळ आली तर?" ती म्हणाली, "तर पुन्हा बोलेन. तुम्ही अशी वेळ आणणार आहात का?" तिथून बाहेर पडून तिनं मला फोन केला आणि हसत हसत सगळं सांगितलं. मग हसणं थांबलं आणि ती म्हणाली, "जयप्रकाश, बाबा रिटायर होतायत रे."

एकोणनव्वदमध्ये तिनं तुर्भ्याला अर्धा गाळा भाड्यानं घेतला. मी कंपनी सोडून तिच्याकडे गेलो. बायको म्हणाली, वेड लागलंय तुम्हाला. लागलंच होतं. लोक आम्हाला म्हणायचे, दोन माणसं आणि एक टेबल, ही कसली कंपनी? ती म्हणायची, "टेबलं दोन आहेत. एक उधारीवर आणलंय, ते दिसत नाही तुम्हाला."

पेटी बसवली की तिची एकच अट असे. नुसतं बटण दाबून सही करायची नाही, केटल खरोखर तापवायची. गिऱ्हाइकं चिडायची. वाफ फुकट जाते, पाळी अडते, माल खोळंबतो. दोघंतिघं त्यावरून आम्हाला सोडून गेले, आणि त्या महिन्यांत आम्ही दोघांनीही पगार घेतला नाही.

महाप्यातल्या एका कारखान्यात तर मॅनेजर तिच्या अंगावरच धावून आले. "ओ मॅडम, दोन तास! दोन तास माझा प्लॅन्ट थांबवणार तुम्ही? एका भोंग्यासाठी? बटण दाबून बघा आणि निघा."

सुनीतीनं एक रिकामं पिंप ओढलं, पदर कमरेला खोचला आणि त्यावर बसली.

"बटणाचं मला सांगू नका," ती म्हणाली. "वाफ सोडा. मला काही घाई नाही."

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. शेवटी त्यांनी ऑपरेटरला खूण केली, वाफेचा व्हॉल्व्ह उघडला, आणि काटा हळूहळू वर चढायला लागला.